तारलीचे हंगामी स्थलांतर आणि प्रजनन

तारली (सार्डिनेला लाँगिसेप्स) हा भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर थव्याने वावरणारा मासा. केरळ-कर्नाटकात तो विपुल. रत्नागिरी-सिंधुदुर्गातही हंगामात जाळ्यात येतो. त्याचे स्थलांतर लांब पल्ल्याचे नाही. थवे किनाऱ्याकडे येतात आणि पुन्हा आत समुद्रात सरकतात, एवढेच. आयुष्य जेमतेम अडीच-तीन वर्षांचे. साधारण 15 सेंमी लांबीचा झाला की, म्हणजे वर्षभरातच, मासा पक्व होतो. त्यामुळे एका पावसाळ्याची पैदास बुडाली, तर फटका लगेच पुढच्या हंगामात दिसतो.

प्रजननाचा मुख्य काळ जून ते सप्टेंबर. मादी किनाऱ्यापासून जरा आत, रात्री अंडी सोडते. तरंगती अंडी सुमारे एका दिवसात फुटतात आणि पिल्लांना लगेच खाद्य लागते. ते पुरवतो मोसमी वारा. किनाऱ्यालगतचे वरचे पाणी तो आत समुद्राकडे लोटतो, खालचे थंड, पोषक पाणी वर येते आणि त्यावर सूक्ष्म शैवाले फोफावतात. फ्रॅजिलॅरिया ओशनिका हे शैवाल तारलीचे खास खाद्य. मात्र वर आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. अशा पाण्याचा थर फार वर चढला की थवे विखुरतात.

मासा कोणत्या अवस्थेत आहे, हे पोट चिरल्यावर कळते. पक्व मादीची गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, पिवळसर असते आणि पोटाची पोकळी भरून टाकते. अंडी सोडलेल्या मादीत तीच पिशवी लालसर, लिबलिबीत होते आणि मांसातले तेल उतरलेले असते. पावसाळा सरल्यावर चरून मासा पुन्हा तेलकट होतो. खवय्यांची तारली ती हीच.

केरळात 2012 साली सुमारे 3.9 लाख टन तारली उतरली, 2021 मध्ये अवघी 3,297 टन. समुद्रातले बदल आणि मासेमारी दोन्ही कारणीभूत धरले जातात. पश्चिम किनाऱ्यावर केंद्राने ठरवलेली 1 जून ते 31 जुलैची बंदी प्रजननकाळाचा पूर्वार्धच झाकते. जूनमध्ये जन्मलेली पिल्ले त्यानंतर किनाऱ्याजवळ येतात, नेमकी मासेमारी सुरू झाल्यावर. केरळात 10 सेंमीपेक्षा लहान तारली पकडण्यास मनाई आहे, पण थव्याभोवती जाळ्याचा वेढा आवळल्यावर ती पाळणे कठीण. तारलीचे खवले हात लागताच सुटतात. दाटीत घासटलेली पिल्ले परत पाण्यात सोडली तरी बहुतेक मरतात. थवा पिल्लांचा आहे की नाही, हे जाळे टाकण्याआधीच पाहावे लागते.