खाचेत पळणारा थेंब

स्केल मॉडेलची, म्हणजे खऱ्या वस्तूच्या प्रमाणबद्ध छोट्या प्रतिकृतींची, छायाचित्रं बघताना एक चूक वारंवार दिसते. दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान मेहनतीने जोडलेलं, रंगवलेलं असतं आणि पंखांच्या कडांवर तांबूस-तपकिरी गंज फासलेला असतो. विमान जुनं दाखवायचं म्हणजे गंज हवाच, असा समज. पण त्या काळातल्या बहुतेक लढाऊ विमानांचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता आणि गंज चढतो तो लोखंडावर. अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की हवेतल्या ऑक्सिजनमुळे तिथे लगेच काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तयार होतो आणि आतला धातू झाकला जातो. खाऱ्या हवेत पत्रा खराब होतोच, पण त्यावर पांढरट भुकटी येते, तांबडी नाही. म्हणून रंग उडालेल्या जागी चंदेरी किंवा प्रायमरचा (रंगाखालच्या पहिल्या थराचा) हिरवट-पिवळा ठिपका द्यावा. तोही सरसकट नको. 1940 साली प्रथम उडालेल्या ‘मॉस्किटो’चे पंख आणि धड लाकडी होते. त्याच्या पंखावर चंदेरी ओरखडे काढणं हे गंजाइतकंच चुकीचं.

मग विमान वापरलेलं दिसतं कशामुळे? एक्झॉस्टची काजळी, तेलाचे ओघळ, उन्हाने विटलेला रंग आणि पत्र्यांच्या सांध्यांत साचलेला मळ. या शेवटच्या गोष्टीवर मला मनापासून लिहायचं आहे, कारण तो मळ मॉडेलवर आणण्याची रीत म्हणजे केशाकर्षणाचा, म्हणजे अरुंद फटीत द्रव आपोआप ओढला जाण्याचा, एक देखणा प्रयोग आहे.

मॉडेलच्या प्लास्टिकवर सांध्यांच्या जागी बारीक खाचा कोरलेल्या असतात. त्यांना पॅनल लाइन म्हणतात. गडद इनॅमल रंग व्हाइट स्पिरिट या द्रावकात खूप पातळ करायचा. हा झाला वॉश. बारीक ब्रशचं टोक त्यात बुडवून खाचेला एका जागी नुसतं टेकवायचं. थेंब खाचेत शिरतो आणि स्वतःच पळत सुटतो. दोन-तीन सेंटिमीटरची रेघ डोळ्यांदेखत उमटते. पंख उभा धरला तरी थेंब वर चढतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी उरलेल्या सगळ्या खाचा त्याच बैठकीत भरल्या, थांबवेना.

याला कुणी हातगुण म्हणतं, कुणी बाटलीवरच्या ‘खास फॉर्म्युल्या’ला श्रेय देतं. हातगुण नावाची गोष्ट इथे नाही, आणि बाटलीतही मुख्यतः रंगद्रव्य, थोडं बंधक आणि द्रावकच असतं. काम करतो तो कोन.

द्रवाचा थेंब पृष्ठभागाला ज्या कोनात भेटतो त्याला स्पर्शकोन म्हणतात. टॉमस यंग यांनी 1805 मध्ये ही कल्पना मांडली. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभाग आक्रसून धरणारी ओढ, मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन आहे. प्लास्टिकवर ते पसरत नाही, जवळजवळ काटकोनात बसून राहतं. व्हाइट स्पिरिटचा पृष्ठताण त्याच्या साधारण एक तृतीयांश, त्यामुळे त्याचा स्पर्शकोन अगदी लहान. आता खाच व्ही आकाराची आहे असं धरा. पॉल काँकस आणि रॉबर्ट फिन यांनी 1969 मध्ये गणिताने दाखवलं की स्पर्शकोन आणि खाचेचा अर्धा कोन यांची बेरीज 90 अंशांपेक्षा कमी असेल, तर द्रव कोपऱ्यात आपोआप पुढे सरकत राहतो. खाच 60 अंशांची असेल तर अर्धा कोन 30. म्हणजे स्पर्शकोन 60 च्या आत असलेला कोणताही द्रव पळेल. 85 अंशांचं पाणी जागेवरच बसेल. साबणाचा थेंब घातला की तेच पाणी चालू लागतं, कारण पृष्ठताण उतरतो आणि त्याबरोबर कोनही. अंतराळवीर डॉन पेटिट यांनी 2008 मध्ये प्लास्टिकची शीट दुमडून जो कप केला, त्यात वजनरहित अवस्थेतही कॉफी ओठांपर्यंत आली ती अशाच टोकदार कोपऱ्यातून.

इथे प्रश्न येतो, वॉशच्या आधी चकचकीत वार्निश का द्यायचं? मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत, खाचखळग्यांचा असतो. केशाकर्षणाची ओढ रुंदीच्या व्यस्त प्रमाणात वाढते. पॅनल लाइन 100 मायक्रॉन रुंद आणि मॅट रंगातली फट 1 मायक्रॉनची धरली, तर फटीची ओढ शंभर पट. मात्र अरुंद वाटेत घर्षण त्याहून जास्त वाढतं, म्हणून द्रव तिथून जोरात ओढला जातो, पण सावकाश सरकतो. परिणाम असा की रेघ भरते आणि तिच्या दोन्ही बाजूंना मळकट झालर पसरते. द्रावक काठावर लवकर उडून जातो, तिकडे नवा द्रव रंगद्रव्य घेऊन येत राहतो, आणि झालरीला वर गडद किनार येते. घाईत मॅट रंगावर वॉश दिलेला माझ्या 1:72 प्रमाणातल्या मॉडेलचा एक पंख असाच गेला. पुन्हा रंगवावा लागला.

वार्निशने फटी बुजल्या की थेंबाला खाचेशिवाय वाट उरत नाही. डिकॅलसाठीही (पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ छापील चिन्हांसाठीही) तोच थर लागतो: खडबडीत रंगावर डिकॅलखाली हवा अडकते, प्रकाश तिथे विखुरतो आणि पारदर्शक कडा चंदेरी दिसते. खालचा रंग अ‍ॅक्रिलिक असावा आणि पूर्ण वाळलेला असावा. इनॅमलवर इनॅमलचा वॉश दिला तर स्पिरिट दोन्ही विरघळवायला बघतं.

वॉश सुकला की स्पिरिटमध्ये जेमतेम ओलावलेल्या कापसाच्या काडीने जास्तीचा रंग पुसायचा, तोही नाकाकडून शेपटीकडे. पंखाच्या लांबीने गेलेल्या खाचा त्यामुळे आडव्या ओलांडल्या जातात, आतला रंग टिकतो, आणि जो पुसट माग राहतो तो उडताना हवेने मळ ओढून नेला असता त्याच दिशेचा असतो.