सिकलसेल आणि पोरांची खुंटलेली वाढ: हे सगळं आलं कुठून

नागपुरात सिकलसेलचं, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकणाऱ्या आनुवंशिक आजाराचं, नाव काढलं की लोकांना पहिले आठवतं ते दुखणं, म्हणजे क्रायसिस, हातपाय ठणकतात, सलाईन लावावं लागतं, रक्त चढवावं लागतं वगैरे. ते खरंच आहे. पण या आजाराची अजून एक बाजू आहे जिच्याकडे आपल्या विदर्भात फार कमी लक्ष जातं, ती म्हणजे पोरांची वाढ. दहा वर्षांचं पोरगं सात वर्षांचं दिसतं, वजन काही केल्या वाढत नाही, वर्गात सगळ्यात पुढच्या बाकावर बसवलं जातं, आणि घरचे म्हणतात खातच नाही हो, शेजारचे म्हणतात खानदानच बारीक आहे, कोणी जंताचं औषध दे म्हणतं, आणि रक्त तपासायचं मात्र राहून जातं. म्हणून ही पार्श्वभूमी लिहितोय, कारण एका जीनमधला एवढासा बदल आख्ख्या शरीराची वाढ कशी अडवतो हे समजायला जगाला काही दशकं लागली आणि त्यात नागपूरचाही वाटा आहे.

सुरुवात शिकागोची. ग्रेनाडा बेटावरून डेंटल शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा तरुण 1904 च्या शेवटी दवाखान्यात आला, अर्नेस्ट आयर्न्स नावाच्या ज्युनियर डॉक्टरला त्याच्या रक्तात लांबट, विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी दिसल्या आणि त्याचे सीनियर जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये ती केस छापली. पेशी वाकतात हे कळलं, पण का वाकतात ते कळायला पुढची जवळपास चाळीस वर्षं गेली. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या टीमने दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या, म्हणजे लाल पेशीत ऑक्सिजन वाहणाऱ्या प्रथिनाच्या, रेणूतच आहे, विजेच्या प्रवाहात ठेवलं की सिकलचं हिमोग्लोबिन नॉर्मलपेक्षा वेगळ्या वेगाने सरकतं. त्याच वर्षी जेम्स नील यांनी तो आईवडिलांकडून कसा येतो ते मांडलं. मग 1950 च्या दशकात व्हर्नन इंग्राम यांनी नेमकी जागाच शोधली, हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं असतात, त्यातलं सहावं ग्लुटामिक अ‍ॅसिड असायला पाहिजे तिथे व्हॅलिन बसलेलं असतं. बस, एवढंच. 11 नंबरच्या क्रोमोसोमवरच्या जीनमधलं एक अक्षर बदललेलं, बाकी सगळं जसंच्या तसं.

भारतात हा आजार आहे हे 1952 मध्ये कळलं, लेहमन आणि कटबुश यांना निलगिरीच्या आदिवासींमध्ये सापडला तेव्हा. आणि 1958 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात मध्य भारतातल्या सिकलसेलवर शुक्ला आणि सोळंकी यांचं टिपण आलं, नागपूर भागातलं. म्हणजे आपल्याकडे हे माहीत होऊन साठ वर्षांच्या वर झाली, तरी आजही लग्न ठरवताना लोक हा विषय निघाला की गप्प बसतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इथेच एवढा का, हा प्रश्न नेहमी येतो. 1954 मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत दाखवलं की ज्याच्याकडे सिकलचा एकच जीन आहे, म्हणजे कॅरियर, त्याला जीवघेण्या फाल्सिपेरम मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जंगलपट्ट्यात पिढ्यानपिढ्या मलेरिया होता, गडचिरोलीत तर अजूनही आहे, तिथे हा जीन टिकून राहिला. त्यामुळे अमुक जातीचा आजार, तमुक समाजाचा आजार असं जे बोललं जातं ते मुळातच चूक आहे, विदर्भात तो आदिवासींमध्ये आहे, दलितांमध्ये आहे, ओबीसींमध्येही आहे.

आता वाढीचं. सगळ्या म्युटेशनचा, म्हणजे जीनमधल्या बदलांचा, वाढीवर परिणाम एकाच मार्गाने होत नाही. अकोंड्रोप्लाझिया म्हणजे हातपाय आखूड राहणारा बुटकेपणा, त्याचा जीन 1994 मध्ये सापडला, त्यात बिघाड थेट हाडाच्या वाढीच्या सिग्नलमध्ये असतो आणि बहुतेक वेळा आईवडील नॉर्मल उंचीचे असतात. सिकलसेलमध्ये हाडाच्या वाढीचा जीन ठीकच असतो, मार रक्ताकडून बसतो. नॉर्मल लाल पेशी साधारण 120 दिवस जगते, सिकलची 10 ते 20 दिवसांत फुटते, मग हाडातला मज्जा रात्रंदिवस नवीन पेशी बनवत राहतो आणि जी ताकद उंचीवजनाला जायला पाहिजे ती तिकडेच खर्च होते. हे म्हणजे कमावता माणूस आख्खा पगार उधारी फेडण्यात घालतो तसं. वर झिंक कमी पडतं, सारखे आजारपण, दुखणं असलं की भूक मरते. वयात येणंही वर्ष-दोन वर्ष मागे पडतं, मुलीची पाळी उशिरा सुरू होते, मुलाला मिसरूड उशिरा फुटते, पण उशिरा का होईना वाढ होते, हे आईवडिलांना कोणीतरी आधीच सांगायला पाहिजे, कारण त्या दोन वर्षांत पोरांचा जीव फार कोंडतो.

एक गोष्ट अजून, जन्मल्या जन्मल्या बाळाला काहीच होत नाही. आईच्या पोटात असतानाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्याला फीटल म्हणतात, त्यात बीटा साखळीच नसते म्हणून दोषही नसतो. सहा महिन्यांच्या आसपास शरीर ते बंद करून मोठ्यांचं हिमोग्लोबिन बनवायला लागतं आणि मग हातापायाची बोटं सुजतात, बाळ हात लावू देत नाही. आपल्याकडच्या पेशंटमध्ये हे फीटल हिमोग्लोबिन आफ्रिकेपेक्षा जास्त टिकून राहतं, त्यामुळे भारतातला सिकल सौम्य असतो असं बरीच वर्षं मानलं गेलं. नागपूरच्या डॉक्टरांनी इथली पोरं वर्षानुवर्षे बघून, नवजात बाळांची तपासणी करून दाखवलं की विदर्भात तसं सरसकट म्हणता येत नाही, बऱ्याच पोरांना आजार जोरातच असतो. मला वाटतं नागपूरचं सगळ्यात मोठं काम हेच.

तपासणी तशी साधी आहे. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये थेंबभर रक्त द्रावणात टाकतात आणि नळीमागे रेघा मारलेला कागद धरतात, रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह, पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. पण इथे लोक फसतात, कारण कॅरियर असो की पेशंट, दोघांचंही गढूळच येतं. एएस (सिकलचा एकच जीन, कॅरियर) की एसएस (दोन्ही जीन सिकलचे, पेशंट) हे कळायला पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, करावीच लागते, आणि ही इलेक्ट्रोफोरेसिस म्हणजे पॉलिंगनी 1949 मध्ये वापरली त्याच तत्त्वाची तपासणी. दोघंही कॅरियर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ पेशंट होण्याची 25 टक्के शक्यता असते, प्रत्येक वेळी नव्याने, एक पोरगं पेशंट झालं म्हणून पुढचं सुटलं असं नसतं.

सरकारदरबारी गाडी हळूच हलली. 2016 च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आला, 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेलचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत आजार संपवायचा हे टार्गेट. त्याच 2023 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने जीन एडिटिंगच्या उपचाराला मान्यता दिली, त्यात बंद पडलेलं फीटल हिमोग्लोबिनच परत चालू करतात, पण अमेरिकेत किंमत 22 लाख डॉलर.

आपल्या हातात आज आहे ते हायड्रॉक्सीयुरिया नावाचं औषध. तेही फीटल हिमोग्लोबिनच वाढवतं. नागपुरात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किलोमागे 10 मिलिग्रॅम एवढ्या कमी डोसवर पोरांमध्ये ट्रायल केली, 2012 मध्ये ती छापून आली आणि क्रायसिस, अ‍ॅडमिट होणं, रक्त चढवणं सगळंच कमी झालेलं दिसलं. फक्त डोस वजनावर असतो, 12 किलोच्या पोराला 120 तर 18 किलो झाल्यावर 180, म्हणून दर व्हिजिटला वजन करून घ्या, रक्ताचे काउंट बघून घ्या आणि जुन्याच चिठ्ठीवर औषध आणत राहू नका.