फूड बँक कुठली आणि चर्चची फूड पँट्री कुठली

नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंगचा सण जवळ आला की अमेरिकेतल्या अनेक महाराष्ट्र मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप फिरू लागतो: ‘फूड बँकेसाठी डबे गोळा करतोय, शनिवारी हॉलवर आणून द्या.’ टिकाऊ अन्नाचे हे बंद डबे पुढे जातात बऱ्याचदा जवळच्या एखाद्या चर्चच्या तळघरात. म्हणजे फूड बँकेत नाहीच, फूड पँट्रीत. देणाऱ्याला वाटतं, नावाचं काय एवढं, अन्न पोचल्याशी कारण. पण पैसे द्यायचे की डबे, आपली शनिवार सकाळ कुठे द्यायची, आणि मुख्य म्हणजे घरात आज खायला काही नसलेल्या माणसाला कुठल्या दारात पाठवायचं, हे या फरकावरच ठरतं.

ढोबळ मानाने सांगायचं तर फूड बँक म्हणजे वाशीचं घाऊक मार्केट आणि पँट्री म्हणजे कोपऱ्यावरचा वाणी. वाशीत ट्रक रिकामे होतात, तिथे पाव किलो तूरडाळ मागायला कोणी जात नाही. अमेरिकेतल्या फूड बँकेतही सहसा भुकेला माणूस दिसत नाही. दिसतात पॅलेट, फोर्कलिफ्ट, खोलीएवढे फ्रीजर आणि मालाच्या याद्या. माणूस दिसतो तो पँट्रीत, आणि ती बहुतेक वेळा एखाद्या चर्चमंडळींनी चालवलेली असते.

गंमत म्हणजे हे घाऊक गोदामही चर्चच्याच पोटातून जन्मलेलं आहे. १९६० च्या दशकात अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल नावाचे गृहस्थ सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या कॅथलिक सेवासंस्थेच्या अन्नछत्रात स्वयंसेवक होते. गावातल्या झाडांखाली वाया जाणारी संत्री-लिंबं गोळा करून ते अन्नछत्राला आणून देत. फळं इतकी जमू लागली की ठेवायला जागा पुरेना. त्याच सुमारास त्यांना दहा मुलांची एक आई भेटली. सुपरमार्केटच्या मागच्या कचराकुंड्यांत टाकून दिलेलं, पण चांगलं अन्न शोधून ती मुलांचं पोट भरत होती. पैसे ठेवायला बँक असते तशी अन्न ठेवायलाही एखादी जागा हवी, जिथे देणाऱ्याने ठेवावं आणि गरजवंताने काढावं, ही कल्पना तिचीच, असं व्हॅन हेंगेल पुढे आयुष्यभर सांगत राहिले. सेंट मेरीज या कॅथलिक चर्चने त्यांना वापरात नसलेली एक इमारत दिली, आणि १९६७ साली सेंट मेरीज फूड बँक सुरू झाली. जगातली पहिली फूड बँक ती हीच मानतात.

आता त्या बाईच्या कल्पनेत आणि प्रत्यक्षात उभ्या राहिलेल्या संस्थेत एक फट आहे. तिच्या बँकेत गरजवंत स्वतः येऊन अन्न काढणार होता. व्हॅन हेंगेल यांनी उभं केलं ते गोदाम मात्र गावातल्या अन्नछत्रांना आणि सेवाभावी संस्थांना माल पुरवणारं झालं. शहाणपणाचाच निर्णय होता तो. कॉर्नफ्लेक्सचा आख्खा ट्रक देणारी कंपनी शंभर चर्चना शंभर फोन करत बसणार नाही. तिला एकच पत्ता हवा, एकच पावती हवी. १९७९ मध्ये अशा गोदामांना जोडणारी ‘सेकंड हार्वेस्ट’ ही राष्ट्रीय संस्था उभी राहिली. २००८ पासून तिचं नाव ‘फीडिंग अमेरिका’. तिच्या जाळ्यात सुमारे २०० फूड बँका आहेत, आणि त्यांच्याकडून माल उचलणाऱ्या पँट्री व अन्नछत्रांची संख्या हजारोंच्या घरात आहे. संख्येतली ही तफावतच पुरेशी बोलकी आहे.

या घाऊक व्यवहाराचा एक किस्सा मला फार आवडतो. राष्ट्रीय पातळीवर मिळालेलं दान पूर्वी सरळ रांगेने वाटलं जाई: तुमचा नंबर आला, तुम्हाला हा ट्रक. त्यामुळे बटाट्यांसाठीच प्रसिद्ध असलेल्या आयडाहो राज्यालाही बटाटे पाठवले जाण्याची पाळी येई. २००५ मध्ये शिकागो विद्यापीठातले कॅनिस प्रेंडरगास्ट आणि त्यांचे सहकारी अशा प्राध्यापकांच्या मदतीने या राष्ट्रीय संस्थेने चक्क लिलाव सुरू केला. चलन खोटं-खोटं, फक्त लिलावापुरतं, नाव ‘शेअर्स’. ज्या फूड बँकेच्या भागात गरज जास्त तिला शेअर्स जास्त, आणि ते वापरून दिवसातून दोनदा बोली लावायची. मिशिगनमधल्या एका फूड बँकेचे प्रमुख जॉन अर्नोल्ड यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं की मी समाजवादी आहे, म्हणूनच फूड बँक चालवतो, बाजारावर माझा विश्वास नाही. पण बोली लागायला लागल्यावर कळलं की पास्ता, सीरियल अशा टिकाऊ मालाला भरपूर भाव आहे आणि ताज्या भाज्या जवळपास फुकट जातात. काही मालाला तर उणे भाव पडतो, म्हणजे उचला आणि वर शेअर्सही घ्या. दान म्हणून येणारी प्रत्येक वस्तू घेणाऱ्याला सारखीच हवी नसते. हे चर्चच्या पँट्रीत उभ्या राहणाऱ्या कुठल्याही आजीबाईला ठाऊक होतं. गोदामाला ते आकड्यांतून कळलं.

आता या आजीबाईंकडे वळू. पँट्री म्हणजे बहुधा चर्चच्या तळघरातली किंवा मागच्या हॉलमधली खोली. लोखंडी मांडण्या, दोन-तीन फ्रीज, त्यातला एखादा कुणाच्या तरी घरून आलेला, आणि दारावर कागद: ‘दुसऱ्या व चौथ्या शनिवारी, ९ ते ११.’ चालवणारे बहुतेक त्या चर्चचे निवृत्त सभासद. पगारी कोणी नाही, असलाच तर एखादा अर्धवेळ. कोणी फूड बँकेतून माल आणायला व्हॅन घेऊन जातो, कोणी सुपरमार्केटमधून आदल्या दिवसाचा ब्रेड उचलतो, कोणी दाराशी बसून नावं लिहितो. फूड बँकेशी जोडून घ्यायचं तर नियमही पाळावे लागतात. माल फरशीपासून सहा इंच वर, फ्रीजच्या तापमानाची नोंद, दर महिन्याला किती कुटुंबांना किती दिलं याचा हिशेब. मधूनमधून तपासणीही होते. म्हणजे ज्या माणसांनी आयुष्यात कधी दुकान चालवलं नाही, ती सत्तरीत दुकान चालवायला शिकतात.

पूर्वी सगळीकडे भरलेली पिशवी हातात देत. सगळ्यांना सारखी. मग पीनट बटरची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाच्या घरीही पीनट बटर, आणि डुकराचं मांस न खाणाऱ्या कुटुंबाला पोर्क अँड बीन्सचा डबा. आता बऱ्याच पँट्रींमध्ये लोक मांडण्यांमधून फिरून स्वतः निवडतात. कुटुंब जेवढं मोठं, तेवढ्या जास्त वस्तू. वेळ जास्त लागतो, गर्दी होते, स्वयंसेवक कुरकुरतात. तरी माझ्या मते चर्चमंडळींनी केलेल्या बदलांतला हा सगळ्यांत चांगला. हवं ते घेता आलं की घरी जाऊन डबे फेकले जात नाहीत, आणि घेणाऱ्याला थोडा वेळ का होईना, आपण किराणा आणायला आलोय असं वाटतं.

पँट्रीचं दुबळेपणही याच ठिकाणी आहे. फूड बँक हिशेबाने चालते, पँट्री माणसांवर चालते. सगळं बघणाऱ्या बाई गुडघ्याच्या ऑपरेशनला गेल्या की महिनाभर दार बंद. एका वस्तीत चार चर्च, चार पँट्री. पलीकडच्या वस्तीत एकही नाही. हे असमान आहे आणि कितीही सद्भावना ओतली तरी समान होणार नाही, कारण पँट्री जिथे गरज आहे तिथे उघडत नाही, जिथे चर्चमंडळी आहेत तिथे उघडते.

चर्च म्हटलं की आपल्याकडच्या माणसाच्या मनात लगेच येणारा प्रश्न: पिशवीबरोबर प्रवचनही ऐकावं लागतं का? केंद्र सरकारच्या कृषी खात्याकडून येणारं अन्न फूड बँकेमार्फत पँट्रीत पोचतं, आणि त्याला स्पष्ट अट आहे. ते अन्न घेण्यासाठी कोणाला प्रार्थनेला बसवता येत नाही, धर्म विचारून नकार देता येत नाही, आणि धार्मिक कार्यक्रम अन्नवाटपापासून वेळेने किंवा जागेने वेगळे ठेवावे लागतात. ज्या पँट्रीचं अन्न पूर्णपणे स्वतःच्या सभासदांकडून येतं, तिला ही सरकारी अट लागू नाही. बहुतेक ठिकाणी फार तर ‘तुमच्यासाठी प्रार्थना करू का?’ असं विचारतात, आणि ‘नको, धन्यवाद’ म्हटलं की विषय संपतो.

इथवरच्या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे: घेणाऱ्याकडे चूल आहे. तांदूळ, कोरडे राजमे, टोमॅटोचे डबे हे सगळं घरभाडं भरून हातात काही न उरणाऱ्या कुटुंबाच्या कामाचं. पुलाखाली किंवा गाडीत झोपणाऱ्याला त्याचा उपयोग काय? त्याच्याकडे भांडं नाही, डबा उघडायचं यंत्र नाही, आणि पुष्कळदा दातही धड नसतात. गरिबांना किराण्यासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या स्नॅप कार्डावर गरम, तयार जेवण एरवी घेता येत नाही. काही मोजक्या राज्यांत ठरावीक उपाहारगृहांत बेघर, वृद्ध आणि अपंगांना ती सवलत आहे. जाणत्या पँट्री अशांसाठी वेगळी पिशवी ठेवतात. तिच्यात हाताने उघडणारे डबे, क्रॅकर्स, मऊ बिस्किटं, एक प्लास्टिकचा चमचा.

त्यांच्यासाठी खरं काम करतं ते तिसरं दुकान, सूप किचन, म्हणजे आपलं अन्नछत्र. न्यूयॉर्कच्या चेल्सी भागातलं होली अपॉसल्स हे एपिस्कोपल चर्च १९८२ पासून ते चालवतं. १९९० मध्ये चर्चला मोठी आग लागली. दुरुस्तीनंतर मुख्य सभागृहात जुनी जड बाकं पुन्हा बसवलीच नाहीत. त्यामुळे रविवारी जिथे उपासना होते, तिथेच आठवड्याच्या दिवसांत टेबलं मांडून पंगती बसतात. चर्चच्या मागच्या दाराने पिशवी देणं आणि मुख्य सभागृहात बसवून वाढणं यात मला पुष्कळ अंतर दिसतं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी मात्र वरचं सगळं उलटं धरायचं. तिथे ‘फूड बँक’ म्हणतात ती अमेरिकेतल्या पँट्रीसारखी जागा, बहुधा चर्चमध्येच. ट्रसेल या संस्थेने सॉल्सबरी गावात २००० मध्ये पहिली सुरू केली. डॉक्टर, सोशल वर्कर किंवा सल्लाकेंद्राकडून चिठ्ठी आणायची, साधारण तीन दिवसांचा शिधा न्यायचा, अशी तिची मूळ पद्धत. गोदामाचं काम तिथे फेअरशेअरसारख्या संस्था करतात.

आता मंडळाच्या डब्यांकडे. पैसे द्यायचे असतील तर फूड बँकेला द्या. तिला अन्न बहुतांशी दानात मिळतं, तुमचा पैसा ते आणण्या-ठेवण्यावर खर्च होतो. एका डॉलरमध्ये किमान दहा जेवणांची सोय होते असं फीडिंग अमेरिका सांगते. जेवण म्हणजे १.२ पौंड अन्न असा तो हिशेब आहे, त्यामुळे ‘जेवण’ या शब्दाने फार भारावून जाऊ नये. तरीही त्याच डॉलरमध्ये तुम्हाला दुकानात राजम्याचा एखादा डबा मिळेल, हे लक्षात घेतलं तर निर्णय सोपा आहे. कंपनीतल्या तीस जणांना घेऊन एक दिवस काम करायचं असेल तरीही फूड बँकच बरी. तिथे तारखा बघून माल वेगळा करायला हात लागतात. तीस माणसं तळघरातल्या पँट्रीत शिरली तर कोणालाच हलता येणार नाही.

डबे, तेल, पीठ, आणि स्नॅपवर न मिळणारे साबण, डायपर, सॅनिटरी पॅड द्यायचे असतील तर पँट्रीला. पण आधी फोन करून काय संपलंय ते विचारा. भोपळ्याच्या गराचे डबे नोव्हेंबरमध्ये सगळेच आणतात. भारतीय वस्ती असलेल्या भागात तूरडाळ, बासमती, हळद-तिखट नेलं तर घेणारे नक्की सापडतात. इतरत्र ते मांडणीवर पडून राहतं. दर महिन्याला दोन तास देणार असाल तर पँट्रीला तुमच्याइतकं कोणी हवं नसेल, विशेषतः पन्नास पौंडांचं खोकं उचलता येत असेल तर.

आणि कोणाला आज अन्न हवं असेल, तर फूड बँकेच्या पत्त्यावर गाडी घालू नका, तिथे लोडिंग डॉक असेल. तिच्या संकेतस्थळावर झिप कोड टाकला की जवळच्या पँट्री आणि अन्नछत्रांची यादी येते. नाहीतर २११ या मदत-क्रमांकावर फोन लावा. यादीतल्या चर्चला निघण्यापूर्वी मात्र फोन करून वार आणि वेळ पक्की करून घ्या, आणि स्वयंपाकाची सोय नसेल तर तेही तिथेच सांगा.