उपाध्यक्षाच्या नावावर मतं मिळतात का?

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवाराने उपाध्यक्षपदासाठी जोडीदार जाहीर केला, की पहिली चर्चा ठरलेली: हा स्वतःचं राज्य मिळवून देणार का? या प्रश्नाचं मूळ १९६० मध्ये आहे. मॅसॅच्युसेट्सच्या केनेडींनी टेक्सासच्या लिंडन जॉन्सनना सोबत घेतलं आणि टेक्सासची २४ इलेक्टोरल मतं (अध्यक्ष निवडताना राज्याच्या वाट्याला येणारी मतं) जेमतेम ४६ हजारांच्या आघाडीने पदरात पडली. पण २००४ मध्ये जोडीदार म्हणून तिथलेच जॉन एडवर्ड्स असूनही नॉर्थ कॅरोलायना हातचं गेलं आणि २०१२ मध्ये तिथलेच पॉल रायन असूनही विस्कॉन्सिन.

मग खरं काय? अडचण अशी की जॉन्सन नसते तर टेक्सासने कसं मतदान केलं असतं, हे पाहायला १९६० ची निवडणूक पुन्हा घेता येत नाही. डडली आणि रॅपोपोर्ट या अभ्यासकांनी १८८४ ते १९८४ या काळातल्या निवडणुका तपासल्या, तेव्हा जोडीदाराच्या राज्यात सरासरी फायदा निघाला फक्त ०.३ टक्के. पुढे २०१६ मध्ये हीरसिंक आणि पीटरसन यांनी वेगळी युक्ती केली. इतर राज्यांचं जुनं मतदान ठरावीक प्रमाणात मिसळून त्यांनी कागदावर एक प्रतिराज्य तयार केलं. आधीच्या निवडणुकांत ते खऱ्या राज्यासारखंच चालायला हवं. नंतर जोडीदार रिंगणात असलेल्या वर्षी दोघांत जी तफावत पडेल, ती त्याच्या खात्यावर. या हिशेबाने फायदा सुमारे २.७ टक्के आला. आकडा पद्धतीनुसार इतका बदलतो, म्हणून एकाच राज्याचं उदाहरण देऊन कुणी ठामपणे बोलू लागलं तर मला ते पटत नाही.

डिव्हाईन आणि कॉपको या अभ्यासकांचा निष्कर्ष मला जास्त मोलाचा वाटतो. मतदार जोडीदाराला पाहून मत देतो ते कमीच. जोडीदारावरून तो मुख्य उमेदवाराची पारख जोखतो.

१९७२ चं प्रकरण याच नजरेने पाहावं. डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार मॅकगव्हर्न यांनी पक्षाचं अधिवेशन संपता संपता, घाईगर्दीत, मिझुरीचे सिनेटर थॉमस ईगलटन यांना फोनवर विचारलं. ईगलटन यांच्यावर पूर्वी नैराश्यासाठी रुग्णालयात उपचार झाले होते, विजेचे झटकेही दिले होते. ही गोष्ट बाहेर आल्यावर मॅकगव्हर्न म्हणाले, मी हजार टक्के त्यांच्या पाठीशी आहे. आणि थोड्याच दिवसांत त्यांनी ईगलटनना बाजूला केलं. उमेदवारी टिकली १८ दिवस. मॅकगव्हर्न आधीच निक्सनच्या बरेच मागे होते, त्यामुळे पराभवाचं खापर यावर फोडता येणार नाही. ईगलटन तर पुढे १९८७ पर्यंत सिनेटमध्ये काम करत राहिले. तडा गेला तो मॅकगव्हर्न यांच्या शब्दाला.

आणि मतांच्या हिशेबात एक गोष्ट मागेच पडते. आजवर नऊ उपाध्यक्षांना मुदतीच्या मध्येच अध्यक्ष व्हावं लागलं: आठ वेळा मृत्यूमुळे, एकदा निक्सनच्या राजीनाम्यामुळे. १९४५ मध्ये रूझवेल्ट गेले तेव्हा ट्रुमन यांना उपाध्यक्ष होऊन ८२ दिवस झाले होते. अणुबॉम्बची सविस्तर माहिती त्यांना अध्यक्ष झाल्यावरच मिळाली.

१९७६ मध्ये जिमी कार्टर यांनी घाई केली नाही. इच्छुकांना जॉर्जियातल्या प्लेन्स गावी, स्वतःच्या घरी बोलावून त्यांच्याशी निवांत बोलणी केली आणि वॉल्टर मॉन्डेलना निवडलं. निवडून आल्यावर मॉन्डेलना व्हाइट हाउसच्या वेस्ट विंगमध्ये, म्हणजे अध्यक्षांचं कार्यालय असलेल्या भागात, खोली मिळाली, आणि अध्यक्षांपुढे येणारे गुप्त अहवाल त्यांनाही वाचायला मिळू लागले.