ब्रेक्झिटनंतरची ब्रिटिश शेती : अनुदान आणि हंगामी मजूर

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडला. त्यामुळे तिथल्या शेतीचे दोन आधार हलले : युरोपच्या सामाईक कृषी धोरणातून येणारे अनुदान आणि पूर्व युरोपातून व्हिसाविना येणारे मजूर. हे दोन्ही आधार बहुधा एकाच शेतकऱ्याचे नव्हते, ही गोष्ट चर्चेत हरवते. अनुदान क्षेत्रफळावर ठरे. वेल्सच्या डोंगरांतला मेंढीपालक घरच्या माणसांवर काम निभावी, पण अनुदानाशिवाय त्याचा हिशेब जुळत नसे. केंट किंवा हेरफर्डशरमधल्या स्ट्रॉबेरी बागायतदाराला अनुदान थोडकेच मिळे. तोडणीला मात्र शेकडो माणसे लागत.

कृषी कायदा २०२० नुसार इंग्लंडमध्ये थेट अनुदान २०२१ पासून टप्प्याटप्प्याने घटवले गेले. माती, पाणी आणि बांधावरची झुडपी कुंपणे जपणाऱ्यांना पैसे देणाऱ्या योजना त्याजागी आल्या. दिशा योग्य, अंमल बेभरवशाचा : मार्च २०२५ मध्ये मुख्य योजनेचे नवे अर्ज अचानक बंद झाले. शेती हा प्रादेशिक सरकारांचा विषय असल्याने वेल्सची योजना वेगळी. तिच्यामुळे ५,५०० रोजगार जातील असा अंदाज सरकारनेच करवून घेतलेल्या अहवालात होता. मार्च २०२४ मध्ये शेतकऱ्यांनी कार्डिफच्या विधिमंडळाच्या पायऱ्यांवर तितकेच गमबुटांचे जोड मांडले. या योजनेतली दहा टक्के जमिनीवर झाडे असण्याची अट पुढे मागे घेण्यात आली.

हंगामी मजुरांसाठी १९४५ पासून असलेली जुनी योजना २०१३ अखेर बंद झाली होती, कारण रुमानिया आणि बल्गेरियाच्या लोकांना २०१४ पासून मुक्तपणे काम करता येणार होते. २०१९ मध्ये ती नव्या रूपात परतली : आधी २,५०० व्हिसा, २०२१ साठी ३०,०००, तर २०२५ साठी फळे-भाजीपाल्याला ४३,०००. व्हिसा सहा महिन्यांचा, कुटुंब सोबत आणता येत नाही. सुरुवातीला बहुतेक मजूर युक्रेनचे होते. २०२२ च्या युद्धानंतर किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, उझबेकिस्तान इथली माणसे येऊ लागली. व्हिसाचा आणि विमानाचा खर्च साधारणपणे मजुराच्याच माथी. २०२२ मध्ये आलेल्या कित्येक इंडोनेशियन मजुरांनी दलालांना द्यायला कर्ज काढले होते. पहिल्या काही आठवड्यांची मजुरी अशा फेडीतच जाते, आणि काम कमी मिळाले तर घरी पाठवायला काही उरत नाही. या योजनेतला हा सगळ्यात मोठा अन्याय आहे. आठवड्याला किमान ३२ तासांच्या मजुरीची हमी २०२३ मध्ये आली. प्रवासखर्च मालकाने उचलावा ही मागणी अजून मान्य झालेली नाही.