रॉयल ॲस्कॉट

रॉयल ॲस्कॉट म्हणजे इंग्लंडातल्या बर्कशायर परगण्यात, विंडसरच्या राजवाड्यापासून दहाएक किलोमीटरवर, दरवर्षी जूनमध्ये मंगळवार ते शनिवार अशी पाच दिवस भरणारी घोड्यांच्या शर्यतींची जत्रा. जत्रा हा शब्द मुद्दाम वापरलाय. तिकडं त्याला मीटिंग म्हणतात, आणि मीटिंग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तहसीलमधली आढावा बैठक येते. रोजच्या ७ अशा एकूण ३५ शर्यती, आणि पाच दिवसांत पावणेतीन लाखांच्या आसपास माणूस. आपल्याकडं त्या दिवसांत मृग लागलेला असतो, बी-खताच्या दुकानापुढं सोयाबीनच्या बॅगांसाठी रांग असते आणि सगळ्यांचं लक्ष आभाळाकडं, त्यामुळं मराठवाड्यातल्या माणसाला हा सोहळा दिसलाच तर संध्याकाळी मोबाईलवर दिसतो. तिथली दुपारी अडीचची पहिली शर्यत आपल्याकडं सात वाजता सुटते, म्हणजे शेतातून येऊन हातपाय धुऊन बसायला बरोब्बर वेळ.

सुरुवात १७११ ची. ॲन राणी विंडसरहून घोड्यावर फेरफटका मारायला निघाली, ॲस्कॉटचा मोकळा माळ बघून म्हणाली इथं घोडे मस्त पळतील, आणि त्याच वर्षी ११ ऑगस्टला पहिली शर्यत लागली. बक्षीस १०० गिनी, घोडे सातच, प्रत्येकाच्या पाठीवर १२ स्टोन म्हणजे जवळजवळ ७६ किलो वजन, आणि एकेका घोड्यानं चार-चार मैलांच्या तीन फेऱ्या मारायच्या. आजच्या घोड्याला असं पळवलं तर डॉक्टर मालकाच्या अंगावर धावून येईल. पुढं १८१३ मध्ये पार्लमेंटनं कायदा करून हा माळ शर्यतींसाठी लोकांना मोकळा राहील अशी सोय करून ठेवली. आपल्याकडं गायरानावर अतिक्रमण कसं होतं हे ज्यानं बघितलंय त्याला ह्या कायद्याची किंमत लगेच कळेल.

राजघराण्याची मिरवणूक १८२५ पासून, चौथ्या जॉर्जनं सुरू केली. रोज दुपारी दोनला उघड्या घोडागाड्या मैदानात येतात, राजा-राणी हात हलवतात, लोक टोप्या काढतात. राणी कोणत्या रंगाची टोपी घालून येणार ह्यावरसुद्धा तिकडं पैसे लागायचे, ही गंमत नाही, खरंच लागायचे. एलिझाबेथ राणीला घोड्यांचं भारी वेड होतं. २०१३ मध्ये तिच्या एस्टिमेट नावाच्या घोडीनं गोल्ड कप मारला, गादीवर असलेल्या राजाराणीच्या घोड्यानं तो कप जिंकायची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी तीच घोडी त्याच शर्यतीत दुसरी आली आणि नंतर तपासणीत तिच्या अंगात मॉर्फिन सापडलं, खाद्यातून आलेलं, म्हणून तिचा दुसरा नंबर काढून घेतला. घोडी राणीची होती तरी काढून घेतला, हे मला जास्त आवडलं.

कुठं बसायचं, काय घालायचं

मैदानात चार आवारं असतात: रॉयल एन्क्लोजर, क्वीन ॲन, व्हिलेज आणि विंडसर. विंडसरमध्ये तिकीट काढून कुणीही जातं, घरून डबा घेऊन हिरवळीवर बसतं, कपड्यांचा फारसा नियम नाही. रॉयल एन्क्लोजरमध्ये मात्र पैसे असून भागत नाही, आधीपासून येणाऱ्या मेंबरनं तुमच्यासाठी शब्द टाकावा लागतो. एका काळी तर घटस्फोट झालेल्याला तिथं प्रवेशच नव्हता, ती अट १९५५ मध्ये गेली. पुरुषांनी काळा, राखाडी नाहीतर नेव्ही ब्लू लांब शेपटाचा कोट, आत वेस्टकोट आणि वर उंच टोपी घालायची. बायकांच्या टोपीचं बूड निदान चार इंच पाहिजे, नुसतं पीस खोचलेलं क्लिपवजा काहीतरी चालत नाही, हा नियम २०१२ पासूनचा. आणि दारावर माणसं उभी असतात, ती खरंच बघतात. आपल्याकडं मानाचा फेटा बांधल्याशिवाय स्टेजवर बसू देत नाहीत, तसलाच प्रकार समजायचा, फक्त इथं इंचाचं माप आहे.

पेपरात फोटो येतात ते गुरुवारचे. त्या दिवसाला लेडीज डे म्हणतात आणि टोप्यांचा सगळा तमाशा त्याच दिवशी असतो, पण खरं मोठं काम त्या दिवशी वेगळंच असतं: गोल्ड कप. १८०७ पासूनची शर्यत, अंतर चार किलोमीटरच्या आसपास, नुसता वेग असून उपयोग नाही, दम लागतो. येट्स नावाच्या घोड्यानं २००६ ते २००९ असा सलग चार वेळा हा कप मारला आणि लेस्टर पिगॉट ह्या जॉकीनं अकरा वेळा. १९०७ मध्ये तर कपच भर मैदानातून चोरीला गेला आणि तो पुन्हा सापडलाच नाही.

घोडा बघणं

ह्या विषयात मराठवाड्याला कुणी शिकवायची गरज नाही असं आमचं मत आहे. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास भरते, तिथं घोड्यांचा बाजार असतो, आणि तिथला जाणता माणूस घोडा कसा बघतो हे एकदा उभं राहून बघावं. आधी लांबूनच उभा राहतो, काही बोलत नाही. मग जवळ जाऊन ओठ वर करून दात बघतो, वय तिथंच कळतं. मग हात मानेवरून खाली आणत भोवरे शोधतो, गळ्याखाली देवमण आहे का, कपाळावरचा भोवरा कुठं बसलाय, एखादा वाईट ठिकाणी तर नाही. चारी पाय आणि तोंड पांढरं असेल तर पंचकल्याणी म्हणून भाव चढतो. मग म्हणतो, काढा बाहेर, आणि घोड्याला रेवाल चालीत पळवून बघतो, पाठीवरच्या माणसाच्या हातातला पाण्याचा तांब्या हिंदकळू नये इतकी चाल सरळ पाहिजे.

ॲस्कॉटला ह्याच कामासाठी पॅडॉक असतो. प्रत्येक शर्यतीआधी घोडे गोल रिंगणात हातानं धरून फिरवतात आणि पब्लिक कठड्याला टेकून बघतं. तिथं बघायचं ते वेगळं. घोडा शर्यतीआधीच घामानं फेसाळलाय का, म्हणजे दम इथंच चालला. कान कुठं आहेत, पाऊल लांब टाकतो का आखडतो, मागच्या पुठ्ठ्याचे स्नायू कसे भरलेत. भोवरे तिकडंही नोंदवतात, प्रत्येक घोड्याच्या पासपोर्टमध्ये भोवरा कुठं आहे हे लिहिलेलं असतं, पण शकुनासाठी नाही, घोडा तोच आहे ना हे ओळखायला. वयाचंही गणित गमतीचं. घोडा फेब्रुवारीत जन्मला काय नि मेमध्ये काय, कागदावर सगळ्यांचा वाढदिवस १ जानेवारी. आपल्या शाळेत मास्तर सगळ्या पोरांची जन्मतारीख १ जून टाकायचे, ते आठवलं.

मूळ फरक एवढाच, की माळेगावात माणूस घोडा बघतो आणि घोडाच विकत घेतो, चुकलं तर वर्षभर चारा घालत बसतो. ॲस्कॉटला घोडा दुसऱ्याचा, दाणापाणी दुसऱ्याचं, तुम्ही विकत घेता तो फक्त त्याचा भाव.

पैसे कसे लागतात

दोन वाटा आहेत, बुकी आणि टोट. बुकी म्हणजे लायसन घेऊन रांगेत बोर्ड लावून उभा असलेला माणूस, त्याच्या बोर्डावर प्रत्येक घोड्यापुढं भाव असतो. ५/१ म्हणजे दहा पौंड लावले आणि घोडा आला तर पन्नास मिळणार, वर लावलेले दहा परत. हा भाव शर्यत सुटेपर्यंत हलत राहतो, ज्याच्यावर पैसा पडतो त्याचा भाव उतरतो, दुसऱ्याचा चढतो. लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीन घेऊन उभं राहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको, आज विकावं का आठ दिवस थांबावं हाच तो जीवघेणा प्रश्न. बुकीकडं एकदा भाव घेतला की तो तुमचा, नंतर कितीही पडला तरी तुम्हाला ठरल्याप्रमाणेच मिळणार. भाव घेतला नाही तर शर्यत सुटतानाचा जो अखेरचा भाव असेल, त्याला स्टार्टिंग प्राइस म्हणतात, त्यानं हिशोब होतो.

टोटचं तसं नाही. तिथं सगळ्यांचे पैसे एका डबक्यात जातात, चालवणारा आपला हिस्सा आधी कापून घेतो आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतो, म्हणून किती मिळणार हे शर्यत झाल्यावरच कळतं. पुण्याला किंवा हैदराबादला रेसकोर्सवर गेलेल्यांना टोट माहीत असतो, विन, प्लेस, जॅकपॉट वगैरे तिथलेच शब्द.

पूर्वी बुकी लोकांची माणसं पांढरे हातमोजे घालून लांबून हाताच्या खुणांनी एकमेकांना भाव कळवायची, नाकाला हात, कोपराला हात, त्याला टिक-टॅक म्हणायचे. मोबाईल आला आणि ते संपलं. आपल्या जनावरांच्या बाजारात व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करतात तो त्याचाच चुलतभाऊ, फक्त आपल्याकडं भाव लपवायचा असतो आणि तिकडं पोचवायचा असायचा.

नवख्या माणसाची सगळ्यात जास्त गफलत होते ती ईच-वे प्रकारात. दहा पौंड ईच-वे म्हणजे दहा नाही, वीस जातात, दहा घोडा पहिला येईल ह्यावर आणि दहा पहिल्या काहींत येईल ह्यावर. समजा रॉयल हंट कपसारखी तीस-तीस घोड्यांची हँडिकॅप शर्यत आहे, भाव १२/१ आणि घोडा तिसरा आला. पहिले दहा बुडाले. दुसऱ्या दहाला चौथाई भावानं म्हणजे ३/१ नं तीस मिळाले आणि ते दहा परत. हातात आले चाळीस, गेले होते वीस, निव्वळ नफा वीस. हँडिकॅप म्हणजे चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन आणि कमजोराच्या कमी, सगळे एका रेषेत यावेत म्हणून, त्यामुळंच तिथं कुणाचाही नंबर लागतो आणि त्यामुळंच तिथं टिप देणाऱ्यांची तोंडं पडतात.

दोन टोकं सांगतो. २०१२ मध्ये फ्रँकेल नावाचा घोडा क्वीन ॲन स्टेक्स ह्या शर्यतीत पळाला आणि अकरा लांबीनं, म्हणजे अकरा घोडे एकामागं एक उभे राहतील एवढ्या अंतरानं, जिंकला. सगळ्यांना माहीत होतं जिंकणार म्हणून, त्यामुळं भाव होता १/१०, दहा लावा आणि एक कमवा. आणि २०२० मध्ये कोविडमुळं स्टँड रिकामे असताना नँडो पराडो हा घोडा कोव्हेंट्री स्टेक्समध्ये १५०/१ ला आला, रॉयल ॲस्कॉटच्या इतिहासातला तोवरचा सगळ्यात मोठा भाव, आणि ओरडायला मैदानात पब्लिकच नाही. दहा लावणाऱ्याला दीड हजार. पण असल्या गोष्टी सांगणारा माणूस त्याच दिवशी उरलेल्या शर्यतींत काय झालं ते सांगत नाही, हे ध्यानात ठेवायचं. बोर्डावरच्या प्रत्येक भावातून घोडा जिंकायची टक्केवारी काढून बेरीज केली तर ती नेहमी शंभर टक्क्यांच्या वर जाते, ती वरची पट्टी बुकीची.

आपल्या बाजूनं

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळं इथल्या जुन्या शौकिनांची रेस पुण्याआधी हैदराबादची. सहाव्या निजामानं १८८६ मध्ये मलकपेटला मैदान आणलं, ते आजही चालू आहे. नांदेड-परभणीहून काचीगुड्याची गाडी धरली की उतरल्यावर फार लांब नाही. आमच्या गल्लीतले एक आजोबा शनिवारी कोर्टाची तारीख आहे म्हणून जायचे, कोर्ट शनिवारी कसं काय हे आजीनं फार वर्षांनी विचारलं. पुण्याचा सीझन पावसाळ्यात, साधारण जुलैपासून.

सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नाही तर कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं, म्हणून रेसकोर्सवरच्या लायसनवाल्या बेटिंगला आपल्याकडं जागा आहे. शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, ती नाही. २०१४ मध्ये त्या शर्यतीवरच बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये उठली, मे २०२३ मध्ये घटनापीठानंही शिक्कामोर्तब केलं, पण तिथं पैसे लावले तर तो जुगारच. ह्या दोन न्यायात तफावत आहे असं माळावरच्या माणसाला वाटतं आणि ते अगदीच चूक नाही. ॲस्कॉटवर इथून बसल्या बसल्या पैसे लावायचं कुणाच्या डोक्यात असेल तर ते काढून टाकावं, स्वीपस्टेक आणि फुटबॉल पूल असल्या गोष्टींसाठी बाहेर पैसे पाठवायला परकीय चलनाच्या नियमांत मनाई आहे आणि २०२५ च्या कायद्यानं पैशाच्या ऑनलाइन खेळांवरच बंदी आणली. बघायला मात्र काही लागत नाही.

शनिवारची शेवटची शर्यत क्वीन अलेक्झांड्रा स्टेक्स, अंतर ४.४ किलोमीटरच्या आसपास, इंग्लंडातल्या सपाटीवरच्या शर्यतींत सगळ्यात लांब. ती संपली की लोक बँडस्टँडभोवती जमतात, हातात छोटे झेंडे असतात आणि सगळे मिळून जुनी गाणी म्हणतात, जिंकलेले पण आणि हरलेले पण. आपल्याकडं तेव्हा पावणेअकरा झालेले असतात आणि बहुतेक वेळा लाईट गेलेली असते.