अंथरूण धरण्याआधी

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडच्या गावांत ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं दिसतात आणि शेजारची दोन-तीन घरं कुलपात. मुलं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात परराज्यांत असतात, जत्रेला येतात. एरवी आईला जमिनीवरून आपलं आपण उठता येतंय का, यावरच ती गावात राहणार की लेकाकडे जाणार हे ठरतं. आणि ती एकदा घसरून पडली की सगळे काळजीनंच सांगतात, “आता पडून राहा, उठू नका.”

हा सल्ला किती महागात पडतो, हे डॉक्टरांनाही उशिरा उमगलं. १९३५ साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे वर्षानुवर्षं खाटेवर असलेले शेकडो निराधार वृद्ध आले. वॉरन यांनी एकेकाला तपासलं, उठवलं, चालतं केलं; कित्येक जण घरी गेले. १९४७ मध्ये रिचर्ड अॅशर या ब्रिटिश डॉक्टरांनी पडून राहण्याचे धोकेच लिहून काढले: पायात गुठळ्या, पाठीला जखमा, झिजणारे स्नायू आणि हाडं.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते अमेरिकी डॉक्टर सिडनी कॅट्झ यांचं १९६३ चं काम. खुबा मोडलेल्या वृद्धांच्या नोंदींतून त्यांनी सहा कामं निवडली: अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, खाटेवरून उठणं, लघवी-शौचावर ताबा आणि जेवण. ही कामं सहसा ठरावीक क्रमानं सुटतात. अंघोळ आधी सुटते, स्वतःच्या हातानं जेवणं शेवटी. लहान मूल शिकतं त्याच्या उलट. म्हणून “आज नको अंघोळ, अंग पुसून घेते” हे आजीचं बोलणं थंडीवर किंवा कंटाळ्यावर ढकलू नये. न्हाणीत वाकायची, तोल सावरायची तिला भीती वाटत असू शकते.

गेलेली ताकद परत येते का? १९९० मध्ये बॉस्टनला नव्वदीच्या आसपासच्या अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला, तेव्हा पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अपंगत्वाचा विचार माणसाच्या भोवतालासह मांडला. म्हणजे गुडघ्याइतकाच न्हाणीतला निसरडा दगड आणि उंच उंबराही मोजायचा.

आपल्याकडे वृद्धांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी आणि अंथरुणाला खिळलेल्यांकडे उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यांची घरभेट, दोन्ही त्यात आहे. ती भेट ओट्यावर बसलेल्या आजीकडेही व्हावी आणि अंघोळ कशी करता, एवढं तिला विचारलं जावं, असं मला फार वाटतं.